उणे सात भागिले दोन

४ मार्च
आणि आज फोनवर आईचं पुन्हा तेच! म्हणे, आतेभाऊ तुझ्याहून लहान, पण बघ किती शांत. शांत कसला, बारावी झालाय म्हणून तोंड न उघडता भाव खातो. आम्ही दोघं राबतो त्या गोदामातल्या कॉम्प्युटरच्या खुर्चीवर त्याचा डोळा आहे. माझाही आहे, पण माझा आधीपासून. ठरलं. मोबाईलवर प्रोग्रॅमिंग शिकायचं. सातवी नापास असलो तरी डोकं पास आहे.

५ मार्च
शिकायला बसलो. डोळा लागला.

९ मार्च
जावा ही भाषा घेतली. तो पायथन करतो म्हणून.

१२ मार्च, जेवणानंतर
उणे सातला दोनाने भागलं, अपूर्णांक सोडून. माझ्या जावात उणे तीन, त्याच्या पायथनमध्ये उणे चार. म्हणाला, दादा, दोन्ही बरोबर. तुझी भाषा शून्याकडे वळते, माझी खाली उतरते. मी म्हटलं, मग तोट्यात कोण? हसला. हसण्यातही आगाऊपणा.

१६ मार्च
सुपरवायझर म्हणाले, काचेच्या बरण्यांचं फिरतं रॅक, खण शून्य ते सात. एकेक खण मागे नेणारा प्रोग्रॅम करा. ज्याचा चालेल त्याला खुर्ची. हातचा मळ! एक वजा करायचा, आठाने भागायचं, बाकी तो खण. आईला कळवलं, या महिन्यापासून दहा हजार पाठवीन.
आतेभावाने विचारलं, दादा, शून्याच्या मागे काय येतं तपासलंस? जळतो मेला. तपासलं नाही.

१८ मार्च
सुपरवायझर म्हणाले, चाचणीला रिकामं रॅक घे. मी म्हटलं, भरलेलंच घेतो. सातपासून शून्यापर्यंत झकास. पुढे जावाने बाकी काढली उणे एक. त्या नंबरचा खणच नाही. रॅक तो शोधत गरागरा फिरलं, बरण्या उडाल्या. आतेभावाने धावत जाऊन बटण दाबलं. पुढेपुढे करायची सवयच. त्याच्या पायथनने त्याच हिशेबात शून्यामागे गुपचूप सात काढला. भाषासुद्धा मालकासारखीच लाघवी.
सगळे मला 'उणे एक' म्हणतायत. उद्यापासून कुणाशी बोलायचं नाही.

३१ मार्च
खुर्ची त्याला. मला फुटलेल्या बरण्यांची सात हजार भरपाई भरायची. तो म्हणाला, दोघांत वाटू. मी माझ्या भाषेप्रमाणे तीन भरले. त्याने मुकाट चार भरले. वर म्हणतो, दादा, तुझे उणे तीन, माझे उणे चार, हिशेब जुळला. इथेही त्याचंच जास्त!
शिवाय आईला परस्पर सांगून मोकळा, की मशीनच बिघडलं होतं, दादाची चूक नाही. माझ्या आईकडे माझी बाजू मांडणारा हा कोण?
आईला पाठवतोय : दोन हजार.