चहाचे पाणी प्यालेली खुकुरी

भोजपूर बजार
भदौ २२

आदरणीय माइला मामा,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली. ती आधी दुरुस्त करते, त्याशिवाय पुढे हात चालणार नाही. भाउजूने किटल्यांची अदलाबदल केली असे मी लिहिले होते. तिने काहीही केले नव्हते. पाण्याची काळी किटली बांच्या उजवीकडे होती, चहाची नवी चकचकीत किटली डावीकडे, रोजच्यासारखी. घरात सून एकच असल्यामुळे सगळ्यांनी दोष तिच्यावर टाकला आणि मीही तसेच लिहून मोकळी झाले. (तिची माफी मागितली तर म्हणाली, "आता कशाला, मी शिव्या खाऊन पचवल्यासुद्धा.")

आता नमस्कार. रीतीप्रमाणे मामाने भाचीच्या पाया पडायचे, भाचीने मामाच्या नाही. पण माझी बाराखडी तुम्ही याच भट्टीच्या भिंतीवर कोळशाने गिरवून घेतलीत. त्यामुळे गुरू म्हणून वाकावे की भाची म्हणून ताठ उभे राहावे, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. मी अर्धी वाकते, उरलेले तुम्ही वाका. माइजू मामीचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे. इथे आमाचा गुडघा जिना चढताना दुखतो आणि जत्रेला जाताना बरा असतो. फोन केला नाही, कारण तुम्ही फोन मोठ्या आवाजावर ठेवून गॅरेजातल्या सगळ्यांना ऐकवता, आणि हे प्रकरण ऐकवण्यासारखे नाही.

जितमान लाहुरे तुम्हाला आठवतात ना? परदेशी पलटणीतून पेन्शनीत आलेले, मिशीला तेल लावणारे? ते धरानला दुकान काढत आहेत आणि त्यांना नव्या तऱ्हेच्या खुकुऱ्या हव्यात. मामा, काय खुकुरी आहे ती! पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत अखंड, मुठीला काळे रबर, ते तीन स्क्रूंनी आवळलेले, म्यान प्लास्टिकचे आणि कमरेला अडकवायला चाप. लाहुऱ्यांनी मोबाईलवर चित्र दाखवले आणि त्यावरून पुठ्ठ्याचा नमुना मी कापला. मी! (तो नमुना उशाशी घेऊन झोपले. दुसऱ्या दिवशी टोक वाकलेले निघाले म्हणून नवा कापला.) तुम्ही पाठवलेल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून दादाने पाते ठोकून काढले आणि घासून साफ मी केले. बांना मात्र ते सगळेच खटकत होते. मूठ लाखेने चिकटवायची सोडून स्क्रू मारतात हे ऐकून त्यांनी विचारले, "खुकुरी आहे की रेडिओ?"

मग खाचेवरून भांडण. लाहुऱ्यांचे म्हणणे, पात्यावर मुठीजवळ असते ती खाच नको, स्वयंपाकघरात पाते पुसताना फडके अडकते. खाच कशासाठी असते यावर आमच्या गल्लीत जितकी तोंडे तितकी उत्तरे निघाली. कोणी म्हणाले गाईचे खूर, कोणी म्हणाले महादेवाचा त्रिशूळ, शेजारच्या काकी म्हणाल्या की पूर्वी कोणाचा तरी हात घसरला असेल आणि पुढच्यांनी त्याची नक्कल केली असेल. बांनी सगळे ऐकून घेतले आणि लाहुऱ्यांना विचारले की नाक कशासाठी असते हे सांगता येत नाही म्हणून ते कापून टाकता का. खाच राहिली.

आता तो दिवस. धारेला पाणी देताना, म्हणजे लाल पात्यावर पाणी सोडून धार कडक करताना, आमच्या घरात किटली फक्त बांच्या हातात असते हे तुम्हाला ठाऊकच आहे. आजोबा गेल्यापासून दुसऱ्या कोणी तिला हात लावलेला नाही. लाहुरे समोर बसून मक्याचे दाणे खात होते. पाते लाल झाले, बांनी ते सांडशीत धरले, डावा हात लांब केला आणि धारेवरून किटली फिरवली. आवाज वेगळाच आला. मग वास आला. आले, साखर आणि करपलेले दूध. भाता थांबला, दादा थांबला, लाहुऱ्यांचा मक्याचा दाणा तोंडाच्या दारात थांबला. बांनी पात्याकडे पाहिले, किटलीकडे पाहिले, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "नवीन पद्धत आहे."

आणि मामा, ती दिसायला सुंदर निघाली हो! साखर जळून पात्यावर तपकिरी लाटा उमटल्या. लाहुरे उठून उभेच राहिले. असली खुकुरी पलटणीत कुणी पाहिली नाही, सगळ्या अशाच करा, म्हणाले, आणि मूठ बसवताच ती कमरेला लावून गेलेसुद्धा. जाताना सांगून गेले की यंदा दसैंच्या सणात नवमीला सगळ्या भावकीसमोर बोकडाला ते हिनेच मारणार, एका घावात.

पण मूठ बसवण्याआधी मी तिच्या धारेवर कानस फिरवून पाहिली होती. पाणी नीट बसलेल्या धारेवरून कानस घसरते. इथे ती चावली. धार मऊ आहे, मामा! बांना हळूच सांगितले तर म्हणाले, नवी कानस सगळ्यालाच चावते. म्हणून मी तीच कानस घरातल्या सगळ्या खुकुऱ्यांवर, आमाच्या विळ्यावर आणि काकींना न विचारता काकींच्या कोयत्यावर फिरवली. (नंतर विचारले.) सगळीकडून घसरली. पहिल्या घावात लाहुऱ्यांच्या खुकुरीची धार मुडपली, तर त्यांच्या घरी वर्षभराचा अपशकुन, आणि पात्यावर छाप आहे बांची.

आणि चूक चहाची नाहीच. बांना आता चकाकते तेवढेच दिसते, म्हणून त्या दिवशी हात चकचकीत किटलीकडे गेला. परवा खुंटीवर टांगलेल्या दादाच्या रेनकोटला त्यांनी "जेवलास का?" म्हणून विचारले, आणि उत्तर आले नाही म्हणून रागावले. ज्याला तापलेल्या पोलादाचा रंग दिसत नाही त्याने पाणी कसे द्यायचे? आणि हे त्यांना कोणी सांगायचे?

म्हणून मी ठरवले आहे. तसेच दुसरे पाते दादाने ठोकून ठेवले आहे. बा दुपारी झोपले की मी मोडक्या तुकड्यांवर लोट्याने पाणी देऊन पाहत होते. पहिले चार-पाच वाया गेले. पण काल, मामा, काल कानस घसरली! मी इतक्या जोरात ओरडले की आमा भाजल्यावर लावायचे मलम घेऊन आली. आता रीतीप्रमाणे भट्टी विश्वकर्मा पूजेपर्यंत थंड राहील. पूजेच्या दुसऱ्या दिवशी पहिला जाळ लागला की सगळ्यांसमोर मी किटली मागणार आहे. त्या दुसऱ्या पात्याची खुकुरी लाहुऱ्यांना देईन, चहावाली परत घेईन आणि खरे ते सांगेन.

तुमची
हिमकला

ता. क. हे सगळे लिहिले ते एवढ्याच विनंतीसाठी. पूजेला तुम्ही या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने बांना धरानच्या डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन जा. तुम्हालाच डोळे तपासायचे आहेत आणि भीती वाटते असे सांगा. दुसऱ्याला धीर द्यायला ते कुठेही जातात. ते गेले की मी किटली घेईन. (सगळ्यांसमोर मागणार असे वर लिहिले आहे. तिथे मी जरा फुशारकी मारली.)

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात बा आले आणि मामाला काय लिहिलेस ते वाच म्हणाले. अक्षर बारीक आहे, असे कारण दिले. गाळून वाचायचे मनात होते, पण मला ते जमत नाही. सगळे वाचले. रेनकोटसुद्धा. पहिला ता. क.सुद्धा.

मग बांनी विचारले, "रंग कुठला धरतेस?"

मी म्हटले, "पिकल्या संत्र्याचा."

"सालीचा नाही. सोलल्यावर आत असतो तो. आणि पाणी टोकाला आधी नाही, पोटाला आधी."

लाहुऱ्यांचे मी काढले तर म्हणाले, "त्याला मी सांगेन. नवीन पद्धत म्हणालो मी, तू कशाला तोंड देतेस?"

इस्पितळात यायला ते तयार आहेत. पण पाणी पडल्याचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाहीत. तेव्हा मामा, खोटे बोलायची गरज उरली नाही. पहाटेच्या गाडीची तिकिटे काढू नका, दुपारच्या काढा. मी पाणी देणार आहे पूजेच्या दुसऱ्या दिवशी, असोज दोनला, गुरुवारी सकाळी.