जुना अ‍ॅम्प्लिफायर, नवा स्पीकर आणि सोल्वायचे बोट

मी, वेर्नर थ्युगेसन, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार ऑल्बोर्ग, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, शुद्ध डोक्याने आणि कोणीही न सांगता लिहीत आहे. आयुष्यभर एक मेला कामगारांच्या मैदानात मी भाषणे केली, म्हणून हे लांबेल अशी माझी मुलगी सिग्ने हिला भीती आहे. तिने निर्धास्त राहावे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक माझी पत्नी सोल्वाय हिची, तिच्यानंतर सिग्नेची. पुस्तके युनियनच्या वाचनालयाला. समासात मी लेखकांशी घातलेले वाद कोणी खोडू नयेत.

२. मेहुणा प्रेबेन दर चार वर्षांनी नवी म्युझिक सिस्टिम घेतो आणि आमच्याकडे येऊन विचारतो, "अजून हेच खोकड?" त्याला माझी सोल्डरिंग गन द्यावी. आधीची दुरुस्त करता येते, हे त्याला एकदा तरी कळावे.

३. आता मुख्य मुद्दा. आमचा अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर आणि स्पीकर लग्नाच्या वर्षी घेतले, तेही वापरलेले. स्पीकरच्या फोमच्या कडा झडल्या तेव्हा सोल्वायने आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नव्या चिकटवल्या. चालती वस्तू फेकणाऱ्याला ती बनवणाऱ्या हातांची किंमत नसते, हे माझे मत मरणानेही बदलणार नाही.

पण सोल्वायची नजर गेली आहे. रेकॉर्डवर सुई मी ठेवतो. सिग्नेने नवा स्पीकर आणला. म्हणाली, "बाबा, तू नसशील तेव्हा काय? याला आईने नुसतं सांगायचं, की वाजतो."

सोल्वाय म्हणाली, "इतकी वर्षं तुझ्या बाबाला सांगतेय, त्याने कधी ऐकलं? आता डब्याला सांगू?"

तरी सिग्नेचे बरोबर आहे. प्रेबेनला हे वाक्य वाचून दाखवू नये.

४. जुन्याच्या आवाजाच्या बटणाजवळ लाल नेलपॉलिशचा थेंब आहे. आवाज मोठा झाला की वरच्या मजल्यावरच्या श्रीमती क्राग दोन्ही घरांतून जाणारा हीटरचा पाइप ठोकत. तेव्हा सोल्वायने तो लावला. "याच्या पुढे गेलास तर ती खाली येते, आणि कॉफी मला करावी लागते." आज सोल्वाय तोच थेंब बोटाने चाचपून आवाज लावते.

म्हणून, मी गेल्यावर एक हिवाळा दोन्ही यंत्रे शेजारी ठेवावीत. कोणी सल्ला देऊ नये. तिचा हात जिकडे जाईल ते राहील. दुसरे सिग्नेने न्यावे, कचऱ्यात टाकू नये. मात्र लढत बरोबरीची हवी. नव्याचा माथा काचेसारखा सपाट आहे, बोटाला काही लागत नाही. सिग्नेने त्यावरही, चालू करायच्या जागी, लाल थेंब लावावा. बाटली माझ्या दाढीच्या साबणामागे आहे.

५. आणि सोल्वाय दोन्ही यंत्रे बंद ठेवून नुसती बसून राहिली, तर श्रीमती क्राग यांनी पाइप ठोकावा. हे वाचून त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं बंद करा म्हणून ठोकलं. लावा म्हणून ठोकलेलं तिला कळेल का?"

सोल्वाय आतून म्हणाली, "कळेल."

ऑल्बोर्ग, ३ ऑक्टोबर २०२३
वेर्नर थ्युगेसन

आमच्यासमोर सही केली:
एल्सेबेथ क्राग, वरचा मजला (ठोकण्यास कबूल)
प्रेबेन लुंडगोर (सगळे वाचले आहे)