आईचं प्रेशर

४ मार्च
आज पुन्हा प्रेशर जास्त. नर्सने दंडाला पट्टा दोनदा बांधून बघितला. बाहेर पडल्या पडल्या बाबांचं सुरू – "चिडत जाऊ नकोस. अगदी आईवर गेलीस." चिडले नव्हतेच. मग मात्र चिडले.

५ मार्च
आमच्या घरात हे ठरलेलंच – आई तापट, म्हणून तिला प्रेशर. तिचा आवाज जरा चढला की बाबा म्हणायचे, "झालं, वाढलं." की ती निमूट आत. शेवटी शेवटी तर कशावरच बोलायची नाही. तरी डोक्यातली शीर फुटलीच.
आत्ता हवी होती. आठवा लागला, कुशीवर वळता येत नाही. हे रडगाणं ऐकवायचं कुणाला?

९ मार्च
शिलाईच्या दुकानात मास्तरांनी मशीनवर बसू दिलं नाही. काजं-बटणं केली.

११ मार्च
डॉक्टरीणबाईंना विचारलंच – आईलाही होतं, रागाने होतं का हे? हसल्या. "घराण्यातून आलेलं दिसतंय. कधीकधी याची सुरुवात आईच्या पोटात असतानाच होते. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या तिथेच तयार होतात, शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सगळ्यात जास्त. कमी राहिल्या की उरलेल्यांवर भार, मग पुढे कधीतरी प्रेशर." आणि जन्मल्यावर? "मग नवीन होत नाहीत म्हणा ना." म्हणजे कापड बेततानाच कमी पडलं. म्हणून बाळ अजून आत राहायला हवंय.
घरी येऊन मावशीला फोन केला. "अगं, तुझी आई सातव्यातच झाली. एवढीशी होती."
म्हणजे राग नव्हताच. जन्मभर उगाच तोंड दाबून बसली बिचारी. तिला हे सांगायला हवं होतं. इतकी आठवण येतेय की एका जागी बसवत नाही.

१२ मार्च
बाबांना सगळं सांगितलं. "मी तिच्या भल्यासाठीच म्हणायचो गं." जेवले नाहीत.

१५ मार्च
पोटावर हात ठेवून थांब थांब म्हणते, आणि कधी एकदा कुशीत घेते असंही झालंय.

१९ मार्च
प्रेशर उतरेचना. काल काढावीच लागली. मुलगी. काचेच्या पेटीत आहे. गाळण्या किती झाल्या, कुणालाच सांगता येत नाही. आवाज बारीक, पण सारखी रडते. नर्स "गप्प, गप्प" करायला लागली.
बाबा म्हणाले, "तिला गप्प करू नका."