भेगेवरचा आरसा

१२ एप्रिल १९६१, सकाळी ६
आजपासून रोज नोंद. माझ्या नव्या घराच्या पुढच्या भिंतीला, दारावर, भेग पडली आहे. रुंदी दोन दोरे, म्हणजे पाव इंच. सासरे भावसिंगजी काल बघून गेले. म्हणाले, चिरलेल्या घरात रुपीला धाडत नाही. महिन्याने येईन, भेग मिटली असेल तरच पोरगी. लग्नाला वर्ष झाले, रुपी माहेरीच. घाबरायचे नाही. मी सातवी पास आहे. घर स्वतः बांधले. बांधकामाचे पुस्तक यवतमाळहून आणलेले आहे. आज पुढची पाने वाचणार.

१३ एप्रिल
पुस्तक म्हणते, भेगेवर काच चुन्याने चिकटवा. काच तडकली तर भिंत हलते आहे. काच नव्हती. आईच्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, घेरातला एक आरसा उसवून लावला. सायंटिफिक काम.

१६ एप्रिल
आरसा तडकला. क्वालिटी हलकी असणार. दुसरा लावला.

१९ एप्रिल
तिसरा. आईला कळले. म्हणाली, "माह्या फेटियाचे डोये काढून भितीले लावून राह्यला का रे?"

२२ एप्रिल
हबीब मिस्त्रींना दाखवले. म्हणाले, काळी जमीन हाय बाबू, उन्हात आकसते, पाण्यानं फुगते. पावसाळ्यात भेग आपोआप मिटन, हात लावू नका.
पाण्यानेच मिटणार, तर पावसाळ्याची वाट कशाला?

२३ एप्रिल
भिंतीच्या पायाशी सकाळी आठ घागरी, संध्याकाळी आठ. आई म्हणाली, "घाल, घाल. दिवाळीपर्यंत माडी उगवन." लक्ष दिले नाही.

५ मे
भेग एक दोरा! हबीब मिस्त्रींना कळवले नाही. डोके माझे, पाठ माझी.

११ मे
भेग मिटली. आरसा शाबूत. दार मात्र घट्ट बसते. पक्क्या बांधकामाची खूण. आता बारा-बारा घागरी.

१४ मे, दुपारी २
सासरे आले. भेग शोधली, सापडली नाही. आरशात मिशा पाहिल्या. "हुशार हाय जवाई," म्हणाले. ऊन फार, म्हणून आत जाऊन, लाथेने दार लावून झोपले. जिंकलो.

५ वाजता
दार उघडत नाही. चौकट दबली आहे. खिडकीला गज. तेही पक्के, मीच बसवले. सासरे आतून ओरडतात, "पोरीच्या आंधी बापालेच नांदाले ठेवता काय, जवाई?" सारा तांडा जमला.

७ वाजता
हबीब मिस्त्रींनी चौकट उपटली. चौकटीबरोबर भिंत आली. सासरे ढिगाऱ्यावरून बाहेर. मिशा चुन्याने पांढऱ्या.

१५ मे
आज भेग मोजली नाही. मोजायला भिंत नाही. आरसा ढिगाऱ्यात शाबूत सापडला. आईने पुसून परत फेटियाला शिवला.
सासरे जाताना आईला म्हणाले, रुपीले धाडतो, पण पोरगी तुह्या झोपडीत राहीन. जवायाले त्याच्याच घरात झोपू दे. हवा चांगली येते.