माय, तुझ्या डब्यातल्या गोळ्या

माय, परवा मी प्रयोगशाळेत पोरीसारखी ओरडले, "कडं पडलं! कडं पडलं!" अर्धापूरची एक बाळंतीण आठ दिवस आमच्या दवाखान्यात तापानं फणफणत होती. तिच्या रक्तातले जंतू मी बशीत वाढवले आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या. ज्या औषधानं जंतू मरतात त्या टिकलीभोवती स्वच्छ गोल कडं पडतं. एकीभोवतीही पडलं नाही! सगळे जंतू टिकल्यांना खेटून बसलेले, मेले निर्लज्ज. मग मीही हट्टाला पेटले. आता फारसं कुणी वापरत नाही अशा जुन्या औषधांच्या टिकल्या शोधून नव्या बशीत ठेवल्या, आणि सकाळी बघते तर एकीभोवती हे एवढं कडं! पट्टीनं दोनदा मोजलं. फोन करायचं सोडून दोन जिने चढत वॉर्डात पळाले. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आधी श्वास घ्या," आणि लगेच ते औषध सुरू केलं.

बाहेर तिची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. घरी आधी काय दिलं होतं, विचारलं. तिनं पिशवीतून डबा काढला. आत अर्धी अर्धी पाकिटं. "ताप आला की दोन द्यायच्या, उतरला की ठिवून द्यायच्या. दवाई फेकून कशी द्यावी बाई?"

माय, ती तूच बोलून राहिली होतीस! बिलोलीच्या आपल्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी तुझा पत्र्याचा डबा. गल्लीत कुणाला ताप आला की त्यातल्या दोन लाल-काळ्या गोळ्या. मी लातूरला शिकायला गेले आणि पहिल्याच दिवाळीत शेजारणींसमोर तुला झापलं, "डाक्टर हायस का तू?" तू पोळ्या वाढत राहिलीस. निघताना डबा माझ्या हातात दिलास. "तुला कळतंय तर तूच फेक."

ते मला अजून सलतं. म्हणून सासूला झापलं नाही. शेजारी बसून सांगितलं, अर्धवट औषधानं सगळे जंतू मरत नाहीत, उरलेले शहाणे होतात. ती घाबरली. "म्हंजी म्याच शिकिवलं त्यायला?" म्हटलं, एकट्या तुम्ही नाही मावशी. दुकानदार, डॉक्टर, आम्ही सगळ्यांनी मिळून शिकवलं.

आणि आज ताप उतरला, माय! पोरगी उठून बसली, बाळाला पाजलं तिनं. सासूनं मला दोन डझन केळी दिली, घेतली मी.

तू असतीस तर टपालानं धाडलं असतं; आता हे पत्र तुझ्या डब्यात ठेवणार आहे. हो, फेकला नाही तो कधीच. तुझ्या गोळ्या तेवढ्या टाकल्या. आत्ता झाकण उघडलं तर आत चार कॅप्सूल. गेल्या महिन्यात माझा घसा धरला होता. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, म्हणून मीच ठेवल्या होत्या.