गैरहजेरीचं कारण

माय, आज रविवार आहे आणि मी जेवणाच्या टेबलावर बसून तुला लिहिते आहे. घरातले सगळे लग्नाला गेलेत. मी डोकं दुखतं म्हणून सांगितलं आणि मागं राहिले. समोर शाळेचा एक तक्ता पडला आहे, तो उद्या सकाळी द्यायचा आहे. तू गेलीस त्याला एकोणीस वर्षं झाली. मला नोकरी लागलेली तू पाहिलीस, पण माझ्या शाळेत कधी आली नाहीस, कारण मी बोलावलंच नाही. तू शाळेत यायचीस त्याची मला लहानपणापासून धास्ती होती. आज तर अशी अवस्था आहे की बाहेर फाटक वाजलं की मी उठून खिडकीतून बघते. आमच्या इथं जठारपेठेत दिवसभर कोणाचं ना कोणाचं फाटक वाजतच असतं. दुपारपासून किती वेळा उठले ते विचारू नको.

आधी तुला चाचणी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तू म्हणशील ही मास्तरीण उगाच रडून राहिली. आता वरून, सरकारकडून, छापील प्रश्नपत्रिका येते. साऱ्या राज्यात एकच पेपर. तपासायचा आम्हीच, पण गुण कॉम्प्युटरवर भरायचे, आणि मग प्रत्येक शाळेची सरासरी निघते. ज्यांची कमी त्यांचं नाव लाल रंगात येतं. मागच्या वर्षी आमचं हायस्कूल लाल होतं. तालुक्याच्या बैठकीत लाल शाळेच्या शिक्षकांना उभं केलं. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, दीडशे माणसांत उभी, आणि समोरचा साहेब विचारतो, पोरांना वाचताही येत नाही तर तुम्ही पगार कशाचा घेता? मला उत्तर येत होतं. ते न देताच मी खाली बसले.

यात एक गोष्ट आहे जी कुठल्याच कागदावर नसते. गैरहजर मूल सरासरीत धरत नाहीत. म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी आमचे हेडसर बैठक घेतात, चष्मा काढून पुसतात आणि म्हणतात, "वर्गशिक्षकांनी आपापल्या पातळीवर बघून घ्यावं." बस, एवढंच. कोणी कोणाकडे बघत नाही, चहा येतो, चहा पिऊन सगळे उठतात. मग प्रत्येक जण आपल्या वर्गातल्या चार-पाच कच्च्या पोरांना व्हरांड्यात बोलावतो आणि उद्या घरीच राहा म्हणून सांगतो. मीही नववीच्या चार जणांना सांगितलं. तिघं चाचणी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आले, मागच्या बाकावर बसून दंगा करायला लागले. चौथी आलीच नाही.

तिचं घर मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात. फुलवाल्यांचं. पोरगी गरीब गाय, वर्गात आहे की नाही तेही कळू देत नाही. वाचते, पण बोट ठेवून, एकेक अक्षर पकडत. पेपर कधी पुरा होत नाही, शेवटची दोन पानं कोरीच राहतात. तूही बोट ठेवूनच वाचायचीस, माय. चौथी शिकलेली तू. भाजी बांधायच्या रद्दीतला कागद सरळ करून वाचत बसायचीस आणि गिऱ्हाईक खोळंबायचं. तिला वाचताना ऐकलं की मला दर वेळी तू आठवायचीस. तरी त्या चौघांत मी तिला घेतलं, म्हणजे बघ.

आणि ज्याला भ्यायचं ते हेच आहे, की मला सगळं माहीत होतं. मी स्वतः त्या व्हरांड्यात उभी राहिलेली आहे. अमरावतीची नगरपालिकेची शाळा, मी सहावीत. दुसऱ्या दिवशी तपासणी, मोठे साहेब येणार. मास्तरांनी आम्हा पाच जणांना बाजूला घेऊन सांगितलं, उद्या येऊ नका. मी घरी येऊन तुला म्हटलं, उद्या सुट्टी आहे. तू मान हलवलीस. सकाळी मला सोबत घेऊन राजापेठेत आपल्या जागेवर बसलीस. पालक, मेथी, सांबाराच्या जुड्या; कोथिंबिरीला तू सांबारच म्हणायचीस. मी जुड्यांवर पाणी शिंपडते आहे आणि समोरून माझ्याच वर्गातली एक पोरगी येते, युनिफॉर्म घातलेला, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि मला बघून हसते. तू तिच्याकडे बघतेस, मग माझ्याकडे. भाजीवर ओलं बारदान टाकतेस, शेजारच्या काकूला लक्ष ठेव म्हणतेस, माझं मनगट धरतेस आणि चालायला लागतेस. मी घरच्या फ्रॉकमध्ये आहे, पायात चप्पल नाही.

वर्गाच्या दारात तू उभी राहिलीस. हात ओले, पदर खोचलेला. साहेब खुर्चीवर बसले होते. तू साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "मास्तर, माह्या पोरीले घरी राह्य म्हटलं तुमी?" मास्तर म्हणाले, तिची तब्येत बरी नव्हती म्हणून. तू मला पुढं ढकललंस. "हे घ्या तब्येत. पाहून घ्या." साहेब हसले आणि मला बसायला सांगितलं. थोड्या वेळाने त्यांनी मला सतराचा पाढा विचारला. मला आला नाही. सतरा सातेपाशी मी थांबले ते थांबलेच, आणि तू दारातून हललेली नव्हतीस. सगळ्यात जास्त भीती मला त्या वेळी तुझीच वाटली होती.

संध्याकाळी तू भाकरी थापत होतीस आणि मी चुलीपासून लांब बसले होते, हाताच्या टप्प्यात नको म्हणून. तू मारलं नाहीस. पाढ्याचं तर नावही काढलं नाहीस. तव्यावरची भाकर उलटवत म्हणालीस, "पाढा नाही आला तं नाही आला. खोटं कावून बोलली?" मी आणखी मागं सरकले. "त्या मास्तरची लाज तू कावून झाकून राहिली? त्याची लाज, त्याले झाकू दे." मग ताटात भाकर टाकलीस आणि खा म्हणालीस. मला त्यातलं काही कळलं नव्हतं. मी खाऊन झोपले.

आता पुढचं ऐक. चाचणीला अकरा दिवस झाले आणि ती पोरगी आली नाही. रोज हजेरी घेताना तिचा नंबर आला की मी मान वर न करता पुढचा नंबर पुकारायचे. आधी वाटलं, सणासुदीचे दिवस, झेंडूचा हंगाम, घरी काम असेल. मग वाटलं, शाळा सोडली. नववीतली पोरगी एकदा घरी बसली की पुढं काय होतं ते मी वीस वर्षं बघते आहे. वर्षभरात तिच्या लग्नाचीच खबर येते. फोन लावायला गेले तर दिलेला नंबर बंद. आणि तिच्या घरी जायचं म्हटलं की मी ते उद्यावर ढकलायचे. मला वाटायचं तिची माय दारात येईल, कमरेला पदर खोचलेला, हात ओले, आणि विचारेल. शुक्रवारी वरून पत्र आलं. सोमवारी पथक येणार, जे गैरहजर होते त्यांची चाचणी पुन्हा घेणार, आणि का आला नव्हतात ते प्रत्येक पोराला समोर बसवून विचारणार. हेडसरांनी चष्मा पुसला. "मॅडम, तुमची चौथी कुठं आहे?" म्हणाले. ते स्वतः पांढरे पडले होते.

आज सकाळी मी गेले. पूल ओलांडला, बाजारातून गाडी ढकलत नेली, दोनदा पत्ता विचारला. ती घराबाहेरच बसली होती, पुढ्यात झेंडूचा ढीग, हार ओवत होती. मला बघून पटकन उभी राहिली आणि हात फ्रॉकला पुसले. मी विचारलं, अगं शाळेत का येत नाहीस? तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, तुमीच म्हटलं होतं न, मी सांगीन तवाच ये म्हणून. मी वाट पाहून राहिली होती." माय, म्हटलं होतं मी तसं. व्हरांड्यात घाईघाईत, चारही जणांना. बाकीच्या तिघांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि आपले आले. हिनं ऐकलं. अकरा दिवस ती दप्तर भरून ठेवत होती, आणि मी विसरून गेले होते.

तिची माय आतून आली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, शेवंतीची वेणी कागदात बांधून दिली. म्हणाली, "पोरगी म्हणते मॅडमनं मुद्दाम आराम कराले सांगतलं. लय जीव लावता तुमी." मी पाणी प्यायले. उद्या नक्की पाठवा म्हणाले. निघताना पोरगी गाडीपर्यंत आली. माय आत गेली आहे हे तिनं मागं वळून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "उद्या कोनी इचारलं तं मी आजारी होती म्हणीन. तुमचं नाव नाही सांगत मी." म्हणजे तिला सगळं कळलेलं आहे. पहिल्या दिवसापासून कळलेलं असणार. मी म्हटलं, "बरं." एवढंच. आणि गाडी सुरू केली.

तर हा समोरचा तक्ता म्हणजे गैरहजर मुलांची यादी. नाव, वर्ग, कारण. तिच्या नावापुढं 'आजारी' असं मी कालच लिहून ठेवलं होतं, तिच्या घरी जायच्या आधी, ती कुठं आहे हेही माहीत नसताना. तो शब्द खोडायला म्हणून बसले आणि तुलाच लिहायला घेतलं. उद्या प्रार्थनेच्या आधी तिला गाठायचं आणि खरं तेच सांग म्हणायचं, असं मी सकाळपासून चार वेळा ठरवलं. चारही वेळा ती बैठक आठवली, तो साहेब, आणि खाली बसलेली माणसं. नोटीस येईल, चौकशी होईल, बदली होईल, पेपरात येईल. मी फार भ्याले आहे. तिला उद्या अकरा वाजता त्यांच्यासमोर बसवतील, ती आधी माझ्याकडे बघेल, आणि दारात उभं राहायला तिथं कोणी नसेल.

हे कागद शाळेच्या पिशवीत ठेवायचे नाहीत, कोणाच्या हाती लागले तर. तुझ्या जुन्या लुगड्याखाली कपाटात ठेवते. वेणी फ्रिजमध्ये आहे, अजून माळलेली नाही. आणि एक गोष्ट राहिली. ती पोरगी आजारी होती म्हणीन म्हणाली ना, तेव्हा मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण माझ्या तोंडावर दिसलं असतं. मले बरं वाटलं, माय. लय बरं वाटलं.