अप्पांनी मागितलेलं पाणी

कोइमतूर

आक्काताई, तुला आन् दाजींना जयजिनेंद्र.

मी बरा हाय. सोनं गाळायची, गलाईची भट्टी चार दिवस बंद ठेवलीय, तेवढाच आराम.

काल दवाखान्यात मांडीच्या शिरेतनं बारीक तारा थेट काळजात घातल्या. लय दुखलं न्हाई. डॉक्टरांनी माझी धडधड मुद्दाम उठवली. मग एकेका जागेवरनं ते तिच्यापेक्षा जरा जलद ठोके द्यायचे, थांबायचे, आन् मूळची धडधड किती वेळानं परततीय ते बघायचे. जिथं ती लगेच परतली, तिथंच तिचं मूळ. अशी जागा सापडली की ती तारेनंच जाळत्यात, पण माझी ठोक्याच्या मुख्य वाटेला चिकटून हाय, म्हणून जाळली न्हाई. सध्या गोळ्यांवर भागवायचं. तू काळजी करू नको.

धडधड उठली तवा मला अप्पा दिसले. उपासाच्या दिवशी, दिवस मावळल्यावर, छाती धरून उंबऱ्यावर बसलेले. तुझ्याकडं पाणी मागत हुते. दिवस मावळल्यावर पाणी घेतलं तर उपास मोडंल म्हणून तू दिलं न्हाईस, आन् घटकाभरात ते गेले. तवापासनं त्या तिथीला तू घोटभर पाणी बी घेत न्हाईस, मला ठाऊक हाय.

डॉक्टर म्हणाले, हा आजार घरातनं येतो. तुझी बी छाती अशी धडधडती का गं? दाजींना घेऊन सांगलीला तपासून ये.

पाण्याचं बी मी विचारलं. त्या दिवशी दिलं असतं तर अप्पा वाचले असते का, असं तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ते न्हाई म्हणाले.

यंदा तिथीला पाणी पी.

तुझा धाकटा,
पारस